कोंबड्याचा डोळा आणि घरातला औषधांचा डबा

माणसांच्या दवाखान्यात कोंबडा येण्याचे तसे काही कारण नाही. तरीही गेल्या तीस वर्षांत माझ्या दवाखान्यात डालग्यात बसून, बाजाराच्या पिशवीतून मान बाहेर काढून, एकदा तर सायकलच्या हँडलला उलटे टांगून बरेच कोंबडे येऊन गेले. जनावरांचा दवाखाना लांब, तिथले डॉक्टर फिरतीवर, आणि आमचा दवाखाना पडला बाजाराच्या वाटेवर. शिवाय 'माणसाचा डॉक्टर एवढे शिकला, त्याला कोंबडीचे कळणार नाही का?' असा एक भाबडा विश्वास लोकांच्या मनात असतो. तो खरा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एम.बी.बी.एस. आहे, पशुवैद्य नव्हे. कोंबड्याला औषध लिहून देण्याचा मला अधिकार नाही आणि तेवढे ज्ञानही नाही. मग आजच्या सदरात हा विषय कशाला? कारण कोंबड्याच्या सुजलेल्या डोळ्यावर घरोघरी जे उपचार चालतात ते माणसांच्या औषधांनी चालतात, आणि त्यांचे परिणाम फिरून माणसांवरच येतात. तिथे मात्र मला बोलता येते.

या पावसाळ्यात आमच्या पेठेतील एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. पोराचा उजवा डोळा लाल, सकाळी पापण्या चिकटलेल्या. "काही घातले का डोळ्यात?" असे विचारताच आजींनी पिशवीतून औषधाची बाटली काढली. "हे घालतोय दोन दिवस. आधी राजाला घालत होतो, त्याला जरा उतार वाटला, म्हणून मग ह्यालाही घातले." राजा म्हणजे घरचा कोंबडा! बाटलीवरचे नाव वाचले. प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन यांचे मिश्रण. शिमग्याच्या सुमारास आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी दिलेली. आजोबांचे काम झाले, उरलेली बाटली फळीवरच्या डब्यात गेली, तिथून राजाच्या डोळ्यात आणि राजाच्या डोळ्यातून नातवाच्या. एकच बाटली, एकच टोक, तीन डोळे.

पोराला मी नेत्रतज्ज्ञांकडे धाडले. बुबुळावर जखम नव्हती, आठ दिवसांत तो शाळेत गेला. राजाचा डोळा मात्र गेला. आजी माझ्या सांगण्यावरून त्याला तालुक्याच्या पशुवैद्यांकडे घेऊन गेल्या, तेव्हा समजले की शेजारच्या कोंबड्याशी झुंजताना बुबुळाला चोच लागली होती. त्या जखमेवर आठवडाभर स्टिरॉइड पडत राहिले. सूज उतरली, लाली गेली, घरच्यांना वाटले गुण आला. स्टिरॉइडचे हेच तर कसब आहे. ते सूज दाबते, आणि सूज म्हणजे शरीराची लढाई असल्यामुळे लढाईही दाबते. आत जंतूंना मोकळे रान मिळते. माणसाच्या डोळ्यातही बुरशीची किंवा नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम असताना असे थेंब घातले तर बुबुळ पांढरे पडते, असे रुग्ण प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने पाहिलेले असतात. पक्षी तर स्टिरॉइडला आपल्यापेक्षाही नाजूक. डोळ्यात घातलेले थेंबसुद्धा त्यांच्या अंगात भिनून एकूण प्रतिकारशक्ती खाली आणू शकतात.

आता मूळ दुखण्याकडे वळू. कोंबड्याचा डोळा सुजला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा सुजलेला असतो तो डोळा नव्हेच. पक्ष्याच्या डोळ्याखाली नाकाला जोडलेली एक पोकळी असते. आपल्याला सर्दी मुरली की गाल आणि कपाळ जड होते, तिथल्या पोकळ्या भरतात. तसेच त्याचेही होते. फरक एवढाच की आपल्या गालातल्या पोकळीला हाडाची भिंत आहे. कोंबड्याच्या पोकळीची बाहेरची बाजू नुसत्या कातडीची. त्यामुळे ती फुग्यासारखी फुगते आणि वरचा डोळा मिटवून टाकते. म्हणजे दुखणे नाकाचे आणि थेंब डोळ्यात! असे थेंब महिनाभर घातले तरी काय उपयोग?

दुसरा फरक पुवाचा. आपले गळू पिकते, पू पातळ होतो, वाट मिळाली की वाहून जातो आणि ठणका थांबतो. पक्ष्याचा पू असा पातळ होत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींत जी विरघळवणारी द्रव्ये असतात त्यांतले एक महत्त्वाचे द्रव्य पक्ष्यांच्या पेशींत नसते. म्हणून त्यांचा पू खव्यासारखा घट्ट होऊन बसतो. 'पिकू द्या, मग फोडू' हा आपला हिशेब तिथे लागू पडत नाही. फुगीर भाग दाबून, सुईने टोचून, दाढीच्या पात्याने चिरून काहीही वाहत येत नाही. येते ते रक्त, आणि कोंबडा वेदनेने अर्धमेला होतो. हे पाहिलेले आहे म्हणून लिहितो. तो घट्ट गोळा काढावा लागतो, पण ते काम पशुवैद्याचे.

घरच्या माणसाने निदान करू नये, पण निरीक्षण जरूर करावे. एकच डोळा मिटलेला, बाकी कोंबडा खातोपितो, आरवतो, तर बहुधा इजा. चोच लागली असेल, कुसळ गेले असेल, काटा लागला असेल. दोन्ही डोळे, शिवाय नाकातून स्राव आणि चेहऱ्याला घाण वास, तर कोरायझा म्हणून जिवाणूंची सांसर्गिक सर्दी असू शकते. हा वास एकदा आला की विसरत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखे फेसाळ बुडबुडे आणि छातीत घरघर असेल तर मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा संशय येतो. तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीच्या कडेला मसुरीएवढ्या काळपट खपल्या दिसल्या तर ती कोंबड्यांची देवी. ती डास पसरवतात, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. माणसाला ती होत नाही, तेव्हा घरातल्या पोराबाळांची धास्ती नको. मात्र खपल्या ओरबाडून काढू नयेत. त्या दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतात.

आणि एक कारण असे की ज्याला जंतू लागतच नाही. पावसाळ्यात खुराडे ओले होते, विष्ठा साठते, आणि तिच्यातून अमोनिया वायू सुटतो. आपल्याला उभ्याने त्याचा पत्ता लागत नाही, कारण आपले नाक पाच फुटांवर आणि कोंबड्याचे अर्ध्या-एक फुटावर. पहाटे खुराड्याचे दार उघडण्याआधी खाली बसून तोंड दाराशी न्या. तुमच्या डोळ्यांची चुणचुण झाली, नाकाला झोंबले, तर तो बिचारा रात्रभर त्यातच होता. अशा डोळ्याला औषध एकच, कोरडी जमीन आणि वारा. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटे पसरावा, भिजला की काढून टाकावा, वरच्या बाजूने हवा जाईल अशी फट ठेवावी. काही घरांत ओल मारण्यासाठी चुन्याची पूड भुरभुरतात. कोंबड्या आत असताना ती टाकली तर उडून डोळ्यांत जाते आणि चुना डोळ्याला काय करतो हे तंबाखूची पुडी हाताळणाऱ्या पोरांच्या आयांना वेगळे सांगायला नको.

ज्वारी, तांदळाची कणी आणि उष्टे-खरकटे एवढ्यावर महिनोन् महिने काढणाऱ्या, बांधून ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्वाची कमतरता पडते आणि त्याच्याही डोळ्यांत पांढरा घट्ट साका जमतो. मोकळा हिंडणारा कोंबडा पालापाचोळा खातो म्हणून त्याला हे क्वचित होते. शहरात गच्चीवर, पिंजऱ्यात पाळलेल्याला होते. शेवग्याचा पाला, मेथी-पालकाची देठे, किसलेले गाजर, पिवळा मका यांनी काम भागते. लहान मुलांसाठी आरोग्य केंद्रातून मिळणारे अ जीवनसत्त्वाचे औषध कोंबड्याला पाजल्याचे मी ऐकले आहे. ते करू नका. त्याच्या दोन मिलिलिटरमध्ये दोन लाख एककांचा डोस असतो, तो बारा-चौदा किलोच्या मुलाला सहा महिन्यांतून एकदा द्यायचा आहे. दोन किलोच्या पक्ष्याला तो विषासमान.

मग घरी करायचे तरी काय? पुष्कळ आहे, आणि ते औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. आमच्या विद्यार्थिदशेत एक जुन्या परिचारिका म्हणत की डॉक्टर येतो आणि जातो, रोगी जगतो तो मधल्या वेळात. कोंबड्याचेही तसेच समजा.

पहिली गोष्ट, त्याला वेगळा ठेवा. मोठ्या डालग्याखाली किंवा खोक्यात, वारा लागेल पण झोत येणार नाही अशा किंचित अंधाऱ्या जागी. दुखऱ्या डोळ्याला उजेड सोसत नाही, आणि सोबतच्या कोंबड्या आजारी सोबत्याला टोचतात हा त्यांचा स्वभाव. पाण्याचे भांडे वेगळे. सर्दीचे जंतू भांड्यातून पसरतात. आधी धडधाकट पक्ष्यांना दाणापाणी करा आणि शेवटी आजाऱ्याकडे जा, उलट नको.

डोळा धुण्यासाठी अर्धा लिटर पाणी दहा मिनिटे उकळा, कोमट होऊ द्या, त्यात चहाचा सपाट पाऊण चमचा साधे मीठ विरघळवा. एवढ्याने अश्रूंइतके खारट पाणी तयार होते. बोरिकची पूड, तुरटी, गुलाबपाणी, काही नको. रोज नवे करा. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची घडी त्यात भिजवून, पिळून, मिटल्या डोळ्यावर पाच मिनिटे नुसती ठेवा. वाळलेली पपडी आपसूक सुटते. नखाने उचकटायची नाही. मग कापसाचा ओला बोळा चोचीकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे एकदाच फिरवून टाकून द्या, दुसऱ्या वेळी दुसरा बोळा. दिवसातून तीन-चार वेळा. वापरलेला कापूस जाळून टाका.

धरण्याची पद्धत महत्त्वाची आहे. दोन माणसे हवीत. जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळून काखेत घ्यावे, डोके तेवढे मोकळे. पण आवळायचे नाही. आपल्या छाती आणि पोटाच्या मध्ये श्वासपटल असते, पक्ष्याला तसे नसते. तो छातीचे हाड पुढेमागे हलवूनच श्वास घेतो. प्रेमाने छातीशी घट्ट कवटाळलेला कोंबडा त्या प्रेमानेच गुदमरतो. डोळे धुण्याआधीच मान टाकली अशी जी उदाहरणे सांगतात, त्यांतली काही या आवळण्याची असावीत असे माझे मत आहे.

एका डोळ्याने दिसेनासे झाले की त्या बाजूचे दाणे त्याला दिसत नाहीत आणि चोच मारण्याचा अंदाज चुकतो. खात नाही म्हणून घरचे घाबरतात. भांडे चांगल्या डोळ्यासमोर ठेवा, दाणे ओले करून, थोडा शिजवलेला भात किंवा भिजवलेल्या भाकरीचा चुरा द्या. चोच उघडून वाटीने पाणी ओतू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे उघडे असते. ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, तो स्वतः गिळेल.

हळद-तूप, लिंबू, कांद्याचा रस, तंबाखूचे पाणी, बाळंतिणीचे दूध, काजळ हे सगळे डोळ्यात जाताना मी ऐकले आहे. हळदीबद्दल मला आदर आहे, पण ती डोळ्याची जागा नव्हे. बुबुळावर हळदीचा कण म्हणजे वाळूचा कणच.

आता त्या डब्याविषयी. प्रत्येक घरात एक असतो. बिस्किटांचा पत्र्याचा, किंवा मिठाईच्या दुकानातला प्लास्टिकचा. त्यात अर्ध्या पट्ट्या, नाव पुसलेल्या बाटल्या, मागच्या आजारपणातल्या चार कॅप्सूल. कोंबडा आजारी पडला की हा डबा उघडतो, कारण कोंबड्यासाठी कोणी शंभर-दोनशे रुपये खर्च करायला तयार नसते. कॅप्सूल फोडून पूड पाण्यात टाकतात. किती टाकायची, कोणी सांगितलेले नसते. दोन दिवसांत उतार वाटला की बंद. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना नेमक्या याच गोष्टीची भीती बोलून दाखवली होती. अपुऱ्या मात्रेत घेतलेले औषध जंतूंना मारत नाही, शिकवते. त्यांनी उदाहरण दिले होते घसा दुखणाऱ्या एका कल्पित गृहस्थाचे, ज्याच्या शिकलेल्या जंतूंनी पुढे त्याच्या बायकोचा घात केला. आपल्याकडे त्या गृहस्थाच्या जागी अंगणातला कोंबडा बसवा. त्याच्या आतड्यातले जंतू त्याच अंगणात, त्याच अंगणात रांगणारे मूल. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी झालेले लघवीचे आजार, जुलाब, न्यूमोनिया मी आता आठवड्याला पाहतो. वीस वर्षांपूर्वी ज्या गोळीने तीन दिवसांत ताप उतरे, तिला आज जंतू हसतात. याचा सगळा दोष कोंबड्यांवर नाही. आम्हा डॉक्टरांच्या लेखणीचा त्यात मोठा वाटा आहे. पण सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिनसारखे शेवटच्या फळीतले औषध कोंबड्या आणि अन्य खाद्यप्राण्यांसाठी बंद केले ते याच धास्तीने, आणि २०१४ पासून अनेक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय न विकण्याचा, विकली तर नोंद ठेवण्याचा नियम आहे तोही याचसाठी. तरीही 'कोंबडीच्या डोळ्यासाठी काहीतरी द्या' म्हटले की काउंटरवरून काहीतरी मिळतेच.

डब्यातले आणखी एक नेहमीचे औषध म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम, ते छोट्या कुपीचे टोक कापून डोळ्यात पिळायचे. माणसाच्या डोळ्यात आम्ही ते वर्षानुवर्षे वापरले. पण हे औषध अंड्या-मांसातून पोटात गेले तर क्वचित एखाद्याच्या हाडातील रक्त तयार करणारा मगज बंद पाडू शकते, आणि ते किती गेले यावर ते अवलंबून नसते. म्हणून खाण्यासाठीच्या प्राण्यांत ते वापरायला आपल्याकडे २०२५ पासून मनाई आहे. कायद्याच्या नजरेत तुमचा लाडका राजा हा खाद्यप्राणीच आहे. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन आपल्या देशातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झाले. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते झेपत नाही. 'अर्धी गोळी देऊ, दुखणे तरी थांबेल' असा दयाळू विचार कोणी करू नये.

दवाखान्यात नेले तरी आपली थट्टा होते, अशी तक्रार लोक करतात, आणि ती अगदीच खोटी नाही. एका ठिकाणी एक कॉलेजातली मुलगी आपला कोंबडा घेऊन गेली, तर तिथल्या कर्मचाऱ्याने हसून सांगितले, "ताई, रस्सा करा." मुलगी रडत परत आली. तिने तो कोंबडा अंड्यातून निघाल्यापासून हातावर वाढवला होता. कोणाला म्हैस प्रिय, कोणाला मांजर, कोणाला कोंबडा. त्यात हसण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही. पण भावना बाजूला ठेवू. आरोग्याच्या दृष्टीने तो सल्ला सर्वांत वाईट. आजारी कोंबडा शिजवल्याने जंतू मरतात हे खरे, पण शिजण्याआधी तो कोणीतरी कापतो, पिसे उपटतो, आतडी साफ करतो, आणि संसर्गाचा खरा धोका त्याच क्षणी असतो. शिवाय कापण्याआधी चार दिवस जे औषध पाजले ते मांसात असतेच. मटण शिजवल्याने सगळी औषधे नाहीशी होत नाहीत. औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही पशुवैद्याला विचारून घ्यावे लागते.

याहून वाईट सल्ला एकच, 'आठवड्याच्या बाजारात विकून टाका.' कोरायझा आणि मायकोप्लाझ्मा यांतून वरवर बरा झालेला पक्षीही जंतू बाळगून राहतो. तो ज्याच्या खुराड्यात जाईल त्याच्याकडे रोग घेऊन जाईल. घेणारी बहुधा दहा-बारा कोंबड्यांवर मीठ-मिरची चालवणारी एखादी बाईच असते. जत्रेसाठी देवाला बोललेल्या कोंबड्याबाबतही हेच ध्यानात ठेवावे. आजारी पक्षी जत्रेच्या गर्दीत नेण्यापेक्षा नवस पुढच्या वर्षावर ढकलला तर देव रागावेल असे मला वाटत नाही.

माणसाला यांतले काय लागते? कोरायझा नाही, देवी नाही, कोंबडीचा मायकोप्लाझ्माही नाही. राणीखेत मात्र लागते, थोडेसे. आपले जुने लोक या रोगाला मानमोडी म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात हेच नाव पडले होते, पण दोन्ही रोग निराळे. राणीखेतच्या कोंबडीला हाताळून तोच हात डोळ्याला लागला तर माणसाचा डोळा येतो, बहुधा एकच, आणि आठवड्याभरात बरा होतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४३ मध्येच हे नोंदवून ठेवले आहे. त्यामुळे डोळा आलेल्या रुग्णाला मी हल्ली विचारतो, "घरी कोंबड्या आहेत का?" विष्ठेतून जुलाबाचे जंतू तर नेहमीच येऊ शकतात. म्हणून आजारी पक्ष्याला हात लावल्यावर साबणाने स्वच्छ हात धुणे, तोंडाला फडके बांधणे आणि लहान मुलांना त्या कामापासून दूर ठेवणे, एवढे पुरते.

एवढे पुरत नाही असा एकच प्रसंग आहे. डोके आणि चेहरा सुजलेला, तुरा काळानिळा, आणि खुराड्यातले दुसरे-तिसरे पक्षी पटापट मरू लागले, तर घरगुती उपचारांचा विचारही करू नका. हिरवट जुलाब, मान पिळवटणे, लुळे पाय ही राणीखेतची लक्षणे. पण राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. आपल्या देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला तो पुन्हा आला, आणि त्याच वर्षी हरियाणातील एका मुलाचा या विषाणूने मृत्यू झाला. मेलेला पक्षी ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्याला घालू नका, उघड्या हाताने उचलू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ हा फुकट क्रमांक त्यासाठीही चालतो.

लोक कळवत नाहीत, याचे कारण मला ठाऊक आहे. रोग ठरला की एक किलोमीटरच्या परिसरातले सगळे पक्षी मारावे लागतात. ज्याने कळवले त्याच्याकडे गाव वैऱ्यासारखे बघते. सरकार भरपाई देते, पण ती ज्याच्या नोंदी व्यवस्थित त्याला सोयीची. परसातल्या सात कोंबड्यांची नोंद कुठे असते? माझे स्पष्ट मत आहे की भरपाई पक्षी उचलतानाच त्या बाईच्या हातात पडली पाहिजे. तसे झाले तर पहिला मेलेला कोंबडा लपवला जाणार नाही, आणि त्यात सगळ्या जिल्ह्याचे हित आहे.

साधा एक डोळा सुजला असेल तर वर सांगितलेली शुश्रूषा एक-दोन दिवस करावी. उतार नसेल, खाणे सुटले असेल, बुबुळ पांढरे दिसू लागले असेल किंवा डोळ्याखालचा फुगा कडक लागत असेल तर थांबू नये. जाताना कोंबड्यासोबत घरात वापरलेली प्रत्येक बाटली आणि पट्टी न्या. काय दिले हे लपवू नका; त्यावरच पुढचे औषध ठरते. पशुवैद्यांनी थेंब दिले तर त्या बाटलीवर पेनने 'कोंबडा' असे ठळक लिहा, उघडल्याची तारीख टाका आणि ती माणसांच्या डब्यात ठेवू नका. महिन्याने उरलेले औषध फेकून द्या, मग ते कितीही महाग असो.

राणीखेत आणि देवी या दोहोंसाठी लस आहे. पुण्याला औंध येथे पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे, तिथे आपल्या राज्यातल्या जनावरांच्या लसी तयार होतात. अडचण अशी की एका कुपीत साधारण शंभर पक्ष्यांची लस असते आणि ती पाण्यात कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. तीन कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? त्यासाठी गल्लीतल्या सगळ्यांनी आधी नावे द्यावीत आणि दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावे. आमच्या पेठेत आजींनी एकोणीस घरांतून चौऱ्याऐंशी पक्षी जमवले. आदल्या रात्री पक्षी डालग्यात कोंडून ठेवावेत, म्हणजे पहाटे पळापळ होत नाही. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणावी. आजारी पक्ष्याला ती देऊ नये. राणीखेतची लस पिल्लांच्या डोळ्यात किंवा नाकात थेंबाने घालतात. ती जिवंत विषाणूंची असते, तेव्हा घालणाऱ्याने चष्मा लावावा आणि हात धुतल्याखेरीज आपला डोळा चोळू नये.